दुखणं रेड्याला, डाग पखालीला

“सबक्वेरी काढा, जॉइन लावा.”

शेरा एवढाच. कारण नाही, आकडा नाही. ज्या मुलीच्या क्वेरीवर तो पडला तिला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. तिने निमूटपणे सबक्वेरी काढली, जॉइन लावला, बेरीज चुकली. ती सावरायला डिस्टिंक्ट घातलं, तर बेरीज दुसऱ्या अंगाने चुकली. आणि एवढं करूनही क्वेरी होती तेवढीच मंद राहिली. मग ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “सर, माझं काय चुकलं?” तिचं काहीही चुकलं नव्हतं. ते तिला तोंडी सांगितलं, पण तेवढ्याने भागेना, म्हणून हा लेख.

शेरा मारणारे सहकारी माझ्याहून वयाने आणि हुद्द्याने मोठे आहेत. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी नियमावलीतलं कलम पुढे केलं: सबक्वेरी मंद असते, ती टाळावी. वर तीन मुद्दे ऐकवले. एक, सबक्वेरी बाहेरच्या प्रत्येक रोसाठी पुन्हा पुन्हा चालते. दोन, सबक्वेरी आणि जॉइन शेवटी एकच, मग वेगवान ते का घेऊ नये? तीन, अटी पुष्कळ असतील तर प्रत्येक अटीच्या कॉलमवर इंडेक्स टाकावा, प्रश्न मिटतो. हे एकट्या त्यांचं मत असतं तर चहाच्या टपरीवर वाद घालून विषय संपवला असता. पण हे तिन्ही मुद्दे मी गेली पंधरा-वीस वर्षं मुलाखतींत, प्रशिक्षणवर्गांत आणि कोड तपासणीत ऐकत आलो आहे. तेव्हा उत्तरही चारचौघांत दिलेलं बरं.

उदाहरण दुधाचं घेतो, कारण ती क्वेरी दुधाचीच होती. आकडे डोक्यात राहावेत म्हणून मी गोल केले आहेत. एक दूध संघ, चाळीस हजार उत्पादक. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा दूध येतं, दर वेळी फॅट आणि एसएनएफ मोजून पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल. म्हणजे एका उत्पादकाच्या एका बिलात वीस पावत्या. बिलातून कपात होते: पशुखाद्याची पोती, औषधाची उधारी, कर्जाचा हप्ता. मुलीची क्वेरी विचारत होती की अमुक जिल्ह्यातल्या, अमुक तालुक्यातल्या, अमुक पिनकोडच्या ज्या उत्पादकांनी या दहा दिवसांत दूध घातलं, त्यांच्या कपातीची बेरीज किती. ‘दूध घातलं का’ एवढंच तपासायला तिने एक्झिस्ट्सची सबक्वेरी लिहिली होती. क्वेरीला चाळीस सेकंद लागत होते.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे वेगाच्या आधी खरेखोटेपणाचा प्रश्न आहे. सबक्वेरी आणि जॉइन एकच असतात का? मुलीने सांगितल्याप्रमाणे केलं तेव्हा काय झालं ते पाहा. एका उत्पादकाच्या तीन कपाती धरू: पशुखाद्याची दोन पोती, प्रत्येकी १,२५० रुपये, आणि ६०० रुपयांचा हप्ता. एकूण ३,१००. एक्झिस्ट्स विचारतं, “पावती आहे का?” उत्तर हो किंवा नाही. जॉइन विचारतो, “पावत्या कोणत्या?” उत्तर वीस. प्रत्येक कपात वीस वेळा मोजली गेली आणि ३,१०० ची कपात ६२,००० झाली. हे तिच्या लक्षात आलं, कारण एवढी कपात कुणाच्याच बिलातून वळती होऊ शकत नाही. मग तिने बेरजेच्या आत डिस्टिंक्ट घातलं. आता १,२५० आणि १,२५० हे दोन आकडे सारखे दिसल्यामुळे एकात मिसळले. बेरीज आली १,८५०. ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण १,८५० हा आकडा पूर्णपणे पटण्यासारखा आहे. एक पोतं हिशेबातून गायब झालं आणि अहवाल दिसायला स्वच्छ. हा अहवाल पुढे गेला असता तर ते पोतं कुणाच्या माथी बसलं असतं?

यावर ते ज्येष्ठ सहकारी, म्हणजे आमचे सर, म्हणतील, “जॉइन नीट लिहायचा. आधी पावत्यांचा गट करायचा, मग जोडायचा.” बरोबर. पण पावत्यांचा गट करून तो कंसात ठेवला की झाली सबक्वेरी. पुढच्या दाराने हाकललेली बाई मागच्या दाराने स्वयंपाकघरात. शिवाय एक्झिस्ट्सला पहिली पावती सापडली की थांबायची मुभा असते. गट करणारा बिचारा सगळ्या पावत्या गोळा करत बसतो.

ही घसरण आजची नाही आणि नवशिक्यांचीच नाही. १९८२ साली वॉन किम यांनी आतल्या क्वेरी सपाट करून जॉइनमध्ये बदलायची पद्धत एका शोधनिबंधात मांडली. निबंध गाजला आणि या विषयाचा पाया मानला गेला. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, वेर्नर कीसलिंग यांनी दाखवून दिलं की आतल्या क्वेरीत मोजणी असेल तर ही पद्धत चुकीचं उत्तर देते. ज्यांची संख्या शून्य आहे ते जॉइनमध्ये उरतच नाहीत. या चुकीला आजही ‘काउंट बग’ म्हणतात. आमच्या दूध संघात तिचं रूप असं: ज्याची एकुलती एक गाय भाकड आहे, त्याच्या या दहा दिवसांत शून्य पावत्या. पशुखाद्याची उधारी मात्र चालू. ‘पाचपेक्षा कमी पावत्या असलेले उत्पादक दाखवा’ असं विचारलं तर तो यादीत सगळ्यात वर यायला हवा. साध्या जॉइनने तो यादीतून पुसला जातो. लेफ्ट जॉइन करून रो मोजले तर शून्याऐवजी एक येतो, कारण पावती नसली तरी त्याची स्वतःची रो तिथे असतेच. मोठमोठे संशोधक जिथे पाय घसरून पडले, तिथून आम्ही आठ महिन्यांच्या मुलीला एका ओळीचा शेरा देऊन पळत जायला सांगतो!

आता पहिला मुद्दा. सबक्वेरी प्रत्येक रोसाठी पुन्हा चालते. हे एके काळी खरं होतं आणि ते कुठे खरं होतं तेही सांगता येतं. मायएसक्यूएलमध्ये सबक्वेरी आली ४.१ आवृत्तीत, २००४ साली. पुढची आठहून अधिक वर्षं तिथे इनच्या कंसातली स्वतंत्र सबक्वेरीसुद्धा आतून बदलून बाहेरच्या रोशी बांधली जायची आणि मग खरोखरच दर रोमागे चालायची. एक्स्प्लेन केलं की ‘डिपेंडंट सबक्वेरी’ हे शब्द दिसायचे आणि पोटात गोळा यायचा. मी स्वतः त्या काळात रात्री जागून असल्या क्वेरी जॉइनमध्ये फिरवल्या आहेत. तेव्हा सरांचं कलम कुणी मूर्खाने लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याने भोगून लिहिलं.

पण फेब्रुवारी २०१३ मध्ये ५.६ आलं आणि त्यात सेमी-जॉइन आलं, सबक्वेरीचा निकाल एकदाच काढून साठवून ठेवायची सोय आली. मारियाडीबीने हे वर्षभर आधीच केलं होतं. ८.०.१६ पासून मायएसक्यूएल एक्झिस्ट्सलाही हीच वागणूक देतं, ८.०.१७ पासून नॉट एक्झिस्ट्सलाही. अपडेट आणि डिलीटमधल्या सबक्वेरीला मात्र ८.०.२१ पर्यंत थांबावं लागलं. जुन्या आवृत्तीवर एखादं डिलीट रेंगाळत असेल तर सरांचा संशय आजही रास्त ठरेल. आणि पोस्टग्रेस? तिथे २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून एक्झिस्ट्सचं थेट सेमी-जॉइन होतं. गंमत अशी की आमच्या कंपनीने मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेस घेतल्याला कित्येक वर्षं झाली. डेटा हलवला, सर्व्हर हलवले, माणसंही बदलली. नियमावली तेवढी जुन्या घरातून उचलून जशीच्या तशी नव्या घरात मांडली.

एक गोष्ट सरांच्या बाजूने नोंदवतो, नाहीतर हा प्रतिवाद अप्रामाणिक होईल. सिलेक्टच्या यादीत बसलेली, बाहेरच्या रोवर अवलंबून असलेली आणि आत बेरीज किंवा कमाल काढणारी सबक्वेरी पोस्टग्रेस आजही उलगडत नाही. प्लॅनमध्ये ती ‘सबप्लॅन’ म्हणून दिसते आणि दर रोमागे चालते. चाळीस हजार उत्पादकांपुढे ‘शेवटची पावती कधीची’ हे असं काढायला गेलात आणि आत इंडेक्स नसला, तर चहा पिऊन यायला भरपूर वेळ मिळेल. एसक्यूएल सर्व्हर अशा बऱ्याच क्वेरी स्वतः उलगडतो. म्हणजे ‘सबक्वेरी मंद असते’ हे विधान कोणतं इंजिन, कोणती आवृत्ती आणि सबक्वेरी कोणत्या जागी, हे विचारल्याशिवाय करताच येत नाही. नियमावलीतलं कलम यातलं एकही विचारत नाही.

मग ते चाळीस सेकंद कुठे जात होते? मुलीच्या मूळ क्वेरीवर आम्ही दोघांनी एक्स्प्लेन ॲनालाइझ चालवलं. (नवख्यांसाठी एक सूचना: ॲनालाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते. डिलीटला लावलंत तर रो खरोखर जातात. आधी ट्रान्झॅक्शन उघडा, नंतर रोलबॅक करा. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.) सबक्वेरीचं सेमी-जॉइन झालेलं होतं, म्हणजे सरांच्या आरोपातला मुख्य साक्षीदारच फितूर. आतल्या पायरीवर वेळ दिसत होता चाळीस मिलिसेकंद. मुलगी म्हणाली, “हे तर किरकोळ आहे.” इथेच बहुतेकांची नजर घसरते. तिथे दाखवलेला वेळ एका फेरीचा सरासरी वेळ असतो. शेजारी लूप्स म्हणून आकडा असतो, त्याने गुणायचं असतं. लूप्स होते १,०००. चाळीस मिलिसेकंद गुणिले हजार. सापडले चाळीस सेकंद.

खरा पुरावा त्याच्याही वरच्या ओळीत होता. तिन्ही अटींतून किती उत्पादक येतील याचा प्लॅनरचा अंदाज: १२. प्रत्यक्षात आले: १,०००. 

हा बारा कुठून आला ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुष्कळ अटी असलेल्या क्वेरींचं अर्धं दुखणं इथेच असतं. संघाचे चतुर्थांश उत्पादक त्या जिल्ह्यात. एकूण उत्पादकांपैकी विसावा हिस्सा त्या तालुक्यात. चाळिसावा हिस्सा त्या पिनकोडमध्ये. प्लॅनरकडे प्रत्येक कॉलमची आकडेवारी वेगवेगळी असते आणि तीन अटी ‘अँड’ने जोडल्या की तो तिन्ही हिस्से सरळ गुणतो. चार गुणिले वीस गुणिले चाळीस, म्हणजे ३,२०० मधला एक. चाळीस हजारांत साडेबारा. पण आपल्याला ठाऊक आहे की तालुका सांगितला की जिल्हा बहुतेक सांगून झालेला असतो. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, कर्जत रायगडात आहे आणि नगरकडेही, असे थोडे अपवाद सोडले तर तालुक्यासोबत जिल्ह्याची अट नवं काहीच गाळत नाही. आमचा पिनकोड तर पूर्ण त्या तालुक्याच्या आतलाच होता. खरं उत्तर फक्त पिनकोडचं: चाळीस हजारांचा चाळिसावा हिस्सा, हजार. भूगोल माणसाला माहीत असतो, प्लॅनरला कुणी शिकवलेला नसतो.

आता बारा उत्पादक येणार अशा समजुतीत प्लॅनरने जे केलं ते शहाणपणाचंच होतं. पावत्यांच्या टेबलवर उत्पादक क्रमांकाचा इंडेक्स होता. वर्षाला ७३० पावत्या, पाच वर्षांचा साठा, म्हणजे एका उत्पादकामागे ३,६५० पावत्या धुंडाळायच्या. बारा जणांच्या मिळून चव्वेचाळीस हजारांच्या आत. दुसरा मार्ग असा की तारखेच्या इंडेक्सवरून या दहा दिवसांच्या सगळ्या संघाच्या पावत्या उचलायच्या: आठ लाख. चव्वेचाळीस हजार सोडून आठ लाखांना कोण हात लावेल? त्याने नेस्टेड लूप निवडला. पण उत्पादक निघाले हजार, आणि चव्वेचाळीस हजारांच्या जागी साडेछत्तीस लाख पावत्या धुंडाळाव्या लागल्या. जॉइन लावून हे बदललं असतं का? चुकलेला अंदाज उत्पादकांच्या अटींतला आहे. सबक्वेरी असो वा जॉइन, बारा हा आकडा तोच राहतो आणि निर्णयही तोच. मुलीच्या सुधारित क्वेरीचा वेग तसूभरही हलला नाही, त्याचं कारण हे. रेड्याचं दुखणं तसंच, पखालीला मात्र डाग देऊन झाला.

अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असं धरून हिस्से गुणायची ही रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांच्या १९७९ च्या निबंधापासून चालत आली आहे. सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेससाठी त्यांनी ती वापरली. कॉलमबद्दल काहीच माहीत नसेल तर ‘बरोबर’ या अटीतून दहावा हिस्सा येईल असं त्यांनी चक्क ठरवून टाकलं होतं. त्या काळात तेवढंही धाडसाचं होतं आणि आजची बहुतेक इंजिनं त्याच घराण्यातली आहेत. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांच्या खऱ्या माहितीवर, आयएमडीबीच्या डेटावर, अनेक इंजिनं घासून पाहिली. निष्कर्ष असा की किती रो येतील याचे अंदाज सगळ्यांचेच चुकतात, जॉइन वाढतील तशी चूक वाढत जाते, आणि बहुतेक वेळा अंदाज कमीच येतो. खर्चाचं गणित थोडं इकडेतिकडे असलं तरी तितकं बिघडत नाही. अंदाज बिघडला की प्लॅन बिघडतो. सबक्वेरीवर बंदी घालून जास्तीचे जॉइन लिहायला लावणाऱ्यांनी हा निष्कर्ष एकदा सावकाश वाचावा.

आमच्या क्वेरीवर उपाय दोन केले. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा आहे. ती वापरून जिल्हा, तालुका, पिनकोड हे कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत हे प्लॅनरला कळवलं आणि टेबल ॲनालाइझ केलं. बाराचे जवळपास हजार झाले. दुसरं, पावत्यांच्या टेबलवर उत्पादक क्रमांक आणि तारीख असा जोड-इंडेक्स टाकला, याच क्रमाने: ज्या कॉलमची अट ‘बरोबर’ची तो आधी, ज्याची ‘पासून-पर्यंत’ची तो नंतर. आता उत्पादकाच्या पाच वर्षांच्या पावत्या उलटायची गरज उरली नाही, थेट या दहा दिवसांपाशी उतरता येतं. क्वेरी सेकंदाच्या आत परतली. क्वेरीचं एक अक्षरही बदललं नव्हतं. सबक्वेरी होती तिथेच होती.

या जोड-इंडेक्सवरून सरांचा तिसरा मुद्दा आपोआप निकालात निघतो, तरी दोन शब्द. प्रत्येक अटीच्या कॉलमवर स्वतंत्र इंडेक्स टाकणं म्हणजे शब्दकोशाला पहिल्या अक्षराची एक सूची, दुसऱ्या अक्षराची दुसरी आणि तिसऱ्याची तिसरी लावण्यासारखं. हवा असतो एकच, क्रम लागलेला. शिवाय प्रत्येक इंडेक्स रोज हप्ता वसूल करतो. सकाळी सहा ते आठ या दोन तासांत संकलन केंद्रांवरून पावत्या धडाधड येतात आणि प्रत्येक पावती प्रत्येक इंडेक्समध्ये लिहावी लागते. त्या टेबलवर आधीच सात इंडेक्स होते. त्यांतले तीन कुणीच वापरत नव्हतं. आणि कॉलमभोवती फंक्शन गुंडाळून ठेवलं, म्हणजे तारीख-वेळेतून तारीख कापून मग तुलना केली, की साधा इंडेक्स असून नसल्यासारखा.

आकडेवारी शिळी असणं हा वेगळा रोग, तो या क्वेरीत नव्हता. पण पावत्यांच्या टेबलवर तो कधीही उद्भवेल, म्हणून हिशेब मांडतो. पोस्टग्रेस स्वतःहून टेबलची आकडेवारी ताजी करतं, पण त्याच्या मूळ मांडणीत टेबलच्या दहा टक्के रो बदलल्यावर. आमच्या टेबलात साडेचौदा कोटींच्या वर पावत्या. दिवसाला येणार ऐंशी हजार. दहा टक्के व्हायला सहा महिने! तोवर प्लॅनरच्या मनातलं चित्र गेल्या हंगामाचं असतं आणि नेमक्या शेवटच्या दहा दिवसांबद्दलचा त्याचा अंदाज फार तोकडा पडू शकतो. त्या एका टेबलपुरता हा टक्का खाली आणता येतो, किंवा दर रात्री ॲनालाइझ लावता येतं. नियमावलीत याबद्दल एक ओळ नाही.

एवढ्यावर कुणी म्हणेल, हे गृहस्थ सबक्वेरीचे वकील दिसतात. तसं नाही. सबक्वेरीची दोन रूपं मी स्वतः तपासणीत अडवतो.

पहिलं, ‘ऑर’च्या एका बाजूला बसलेली सबक्वेरी. अमुक संस्थेचे उत्पादक, किंवा थकबाकीदारांच्या यादीत असलेले. ‘अँड’मध्ये असती तर पोस्टग्रेसने तिचं सेमी-जॉइन केलं असतं. ‘ऑर’मध्ये ते करता येत नाही. मग संस्थेचा इंडेक्सही वाया आणि थकबाकीचाही, आणि सगळं टेबल वरपासून खालपर्यंत वाचलं जातं. इथे दोन क्वेरी वेगळ्या लिहून युनियनने जोडल्या तर दोन्ही इंडेक्स कामाला लागतात. (युनियन ऑल नव्हे. त्या संस्थेतला थकबाकीदार दोनदा येईल.) म्हणजे लिहिण्याच्या रूपाने फरक पडतो. पण इथे दोषी ‘ऑर’ आहे, आणि जॉइन लावायचा शेरा इथेही उपयोगाचा नाही.

दुसरं, नॉट इन. याची तर मला धास्ती आहे. ‘ज्यांचं बिल निघालं नाही असे उत्पादक’ काढायला कुणीतरी लिहितो: उत्पादक क्रमांक नॉट इन, बिलांमधले उत्पादक क्रमांक. चालतं, वर्षभर चालतं. मग एके दिवशी किरकोळ रोख विक्रीची नोंद बिलांच्या टेबलात शिरते, तिला उत्पादक क्रमांक नाही, तिथे नल. त्या क्षणापासून ही क्वेरी एकही रो देत नाही. हा क्रमांक नलपेक्षा वेगळा आहे का, याचं उत्तर एसक्यूएलच्या तर्कात ‘माहीत नाही’ असं येतं, आणि ‘माहीत नाही’ला व्हेअर आत घेत नाही. अहवाल कोरा येतो. कोरा अहवाल पाहून हिशेबनीस समाधानाने घरी जातो की सगळ्यांची बिलं निघाली. आणि वेगाचं म्हणाल तर पोस्टग्रेसमध्ये आतली यादी वर्क मेममध्ये मावेल असा अंदाज असेल तोवर तिचं हॅश करून काम झटपट होतं. मूळ मांडणीत ही जागा थोड्याच मेगाबाइटची. यादी वाढत वाढत ती हद्द ओलांडते, त्या दिवशी कालपर्यंत दोन सेकंदांत येणारी क्वेरी जेवणाची सुट्टी झाली तरी येत नाही. “काल तर चालत होतं, आम्ही काहीच बदललं नाही” हे वाक्य ऐकलं की मी आधी नॉट इन शोधतो. यावर उतारा नॉट एक्झिस्ट्स. तीही सबक्वेरीच, आणि सरांच्या कलमाने तीही बादच.

आमच्याकडे आणखी एक पंथ आहे, तो सबक्वेरीऐवजी विथ वापरा म्हणतो. वाचायला विथ सोपं, यात वाद नाही. पण पोस्टग्रेस १२ च्या आधी, म्हणजे २०१९ पर्यंत, विथमधला तुकडा आधी पूर्ण काढला जायचा आणि बाहेरची अट आत पोचायचीच नाही. त्यामुळे कधी क्वेरी सुधारायची, कधी बुडायची. १२ नंतर एकदाच वापरलेला साधा विथ सबक्वेरीसारखाच विरघळतो. या पंथाच्या पोथीवर आवृत्ती क्रमांक लिहिलेला असतो तर भांडणच नव्हतं. आणि मोठा सर्व्हर घ्या म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. साडेछत्तीस लाख पावत्या दुप्पट वेगाने विनाकारण वाचायच्या असतील तर जरूर घ्यावा, पैसे त्यांचे आहेत.

सर, तुमच्याविषयीचा आदर कमी झालेला नाही. २००८ साली तुम्ही हेच कलम माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी त्याखाली सही केली असती. आज माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. ते कलम नियमावलीतून काढावं. आणि यापुढे कुणाच्याही क्वेरीवर मंदपणाचा शेरा मारायचा असेल तर शेऱ्यासोबत एक्स्प्लेन ॲनालाइझचा निकाल जोडावा, अंदाजाचा आकडा आणि प्रत्यक्षाचा आकडा अधोरेखित करून. तो जोडता येत नसेल तर शेरा मारू नये.

त्या मुलीची मूळ क्वेरी, सबक्वेरीसकट, मी गेल्या सोमवारी मंजूर केली आहे. चालू दहा दिवसांची बिलं तिच्यावरच निघाली.